जिथे महाराजांची होडी लागली

१३ फेब्रुवारी १९४०

सरांची चारही पुस्तकं जप्त! इसोगाई सरांची — माझ्या लग्नात वडिलांच्या जागी बसले होते, त्यांची. गुन्हा काय, तर सरांनी लिहिलं की सूर्यदेवीच्या वंशातला पहिला सम्राट सव्वीसशे वर्षांपूर्वी होडीतून पूर्वेला आला आणि हा देश स्थापला, ही गोष्ट दरबाराने फार नंतर रचली. हे आमच्या इतिहास विभागात कोणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक आहे! पण सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. मीसुद्धा.

२ मार्च

सरांवर खटला भरला. म्हणे राजघराण्याची अप्रतिष्ठा! सत्तरीला टेकलेला दमेकरी माणूस तुरुंगात किती टिकणार?

तोमोए म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका हं. आधीच तांदूळ पुरवून पुरवून शिजवतेय मी." बायकोवर उगाच ओरडलो. मग लाज वाटली. तिचं काय चुकलं?

९ एप्रिल

शिक्षण मंत्रालयातले कुसाकाबे घरी येऊन गेले. साखरेत घोळवलेलं बोलणं. पहिल्या सम्राटाची होडी कुठे कुठे लागली ती ठिकाणं शोधायला समिती नेमलीये, नोव्हेंबरच्या उत्सवाआधी तिथे दगडी स्तंभ उभारायचेत. समितीत मी हवा! "इसोगाईंचा शिष्य म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो हो."

मी नाही म्हणणार, तेवढ्यात — "तुमच्या सरांची मलाही काळजी वाटते, मोरिवाकी. तुम्ही हे काम नीट केलंत, तर मी वर शब्द टाकतो. खटला बारगळेल."

नाक दाबलं की तोंड उघडतं. मी हो म्हणालो.

२१ मे

एका खाडीच्या दोन काठांना दोन गावं. महाराज आमच्याकडेच उतरले म्हणून दोघांची जुंपलीये. वरच्या गावाने एका खडकाला देवळातल्यासारखा जाड गवती दोर गुंडाळून ठेवलाय. सरपंच छाती फुगवून सांगत होता, "इथंच होडी लागली, साहेब!"

खालच्या गावचा सरपंच खो खो हसला. "हा खडक? अहो, परवा बैलगाडीतून आणलाय त्यांनी. बैल अजून लंगडतोय!"

"आणि तुझा काठ रे? तुझ्या आजोबाने भराव टाकून केलेला! महाराज काय भराव पडायची वाट बघत पाण्यात उभे होते?"

मला हसू आवरेना. फार दिवसांनी हसलो. कुसाकाबे मात्र घड्याळ बघत म्हणाले, "वरचं गाव घ्या. मोटार थेट जाते." झालं संशोधन!

रात्री सरपंचाने तळलेले मासे आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, वाढली. मीही हादडलं.

३ जून

अहवालात मी लिहिलं होतं — गावकऱ्यांची तशी समजूत आहे, लेखी पुरावा एकही नाही. कुसाकाबेंनी दुसरं वाक्य लाल पेन्सिलने खोडलं. मग पहिलंही खोडलं. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सम्राटांची होडी याच खडकाला लागली हे निश्चित.'

"सही करा. सरांसाठी करताय, असं समजा."

केली.

१४ जून

सगळं सांगून टाकायचं म्हणून सरांकडे गेलो. दोन पावलं चालले की धाप लागते त्यांना. तरी स्वतः चहा ओतला. म्हणाले, "तू त्या समितीत आहेस असं ऐकलं. बरं झालं बाबा! त्या गाढवांत एक तरी शहाणा माणूस हवा."

चहा संपवला. काही न सांगता परत आलो. थू माझ्यावर!

१० नोव्हेंबर

सव्वीसशे वर्षांचा उत्सव. झेंडे, कंदील, घरोघरी सणाचा तांबडा भात. राजा बोले, दल हाले! वर्तमानपत्रात त्या खडकाजवळच्या स्तंभाचा फोटो, खाली माझं नाव. शेजारचा म्हातारा कंबरेत वाकून म्हणाला, "गल्लीचं नाव काढलंत!"

खटल्याचं विचारायला काल पुन्हा मंत्रालयात गेलो होतो. कुसाकाबे बैठकीत. परवाही बैठकीत होते. त्यांच्या कारकुनालाही आता माझी कीव येते.

२६ नोव्हेंबर

खटला उभा राहिला. सरकारी वकिलाने माझा अहवाल मोठ्याने वाचला. "महाराज कुठे उतरले ते तुमचाच शिष्य निश्चित सांगतो. आणि तुम्ही म्हणता ते झालेच नाहीत?"

सर धापा टाकत उठले. मग म्हणाले, "मोरिवाकी पुराव्याशिवाय ओळ लिहीत नाही. त्याने असं लिहिलं असेल, तर चूक माझी असेल."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठलो नाही.