काट्यावरची आडवी रेघ

बाई,

तुम्ही मला सातवीच्या वर्गात उभं केलं होतं, त्याचा राग मला अजून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणजे खरं तर तो सोडून द्यायला हवा होता, पण माणूस गेलं म्हणून त्याच्यावरचा राग कुठे जातो! या आठवड्यात सहावीच्या वर्गावर संगणकाचे प्रकार शिकवले, आज त्यावरून शाळेत थोडं वाजलं, आणि आता तुमच्याशी चार गोष्टी बोलल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही. तुम्हाला आठवत असेल-नसेल, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बोरी अरबच्या बाजारापासून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात ती खाजगी संस्थेची शाळा. तुम्ही यवतमाळहून एसटीने यायचात. कंत्राटावर होतात, दरवर्षी संस्थेने ठेवलं तर राहायचं, नाहीतर घरी. गावात सगळे तुम्हाला 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणत. शाळेत कॉम्प्युटर एकच होता, त्याच्या खोलीबाहेर आम्ही चपला काढायचो, आणि दसऱ्याला शिपाईमामा त्याच्या काचेवर हळद-कुंकू लावायचे, ते पुसताना तुमची चिडचिड व्हायची. लाइट असायची तेव्हा तुम्ही कॉम्प्युटर दाखवायचात, नसायची तेव्हा फळ्यावर प्रकार लिहायचात: सुपर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो. मिनी हा मायक्रोपेक्षा मोठा, हे आम्हाला काही केल्या पटत नव्हतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "मिनीडोर टेम्पो मोठा की स्कूटर? मग झालं तर!" आणि अख्ख्या वर्गाला एका झटक्यात समजलं.

त्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "शाळेबाहेर कॉम्प्युटर कोणी कोणी पाहिलाय?" आणि माझा हात वर. "बाई, आमच्या गावात हाये नं! शेटजीच्या काट्याले लावला हाये." मागून सगळी पोरं ओरडली, हो बाई, आमीनबी पाह्यला. तुम्ही हसलात. म्हणालात, तो वजनकाटा आहे, कॉम्प्युटर नाही, खाली बस. मी बसले नाही. मी म्हणाले, "तिथं लिवलं हाये बाई, कॉम्प्युटर काटा. मले वाचता येते." उद्धट कार्टी होते मी, मान्य आहे. पण खोटं बोलत नव्हते. तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलंत.

तेव्हाचे दिवस कसे होते, हे तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहत होतात, आम्ही त्यात राहत होतो. कापसाचं काही खरं नव्हतं. बोंडं अळीने खाल्लेली, भाव पडलेला, सरकारी खरेदी कधी सुरू होईल याचा नेम नाही, म्हणून गावातले बहुतेक लोक शेटजीकडेच कापूस घालायचे. शेटजींचा टिनाचा शेड, त्यावर त्यांनी हौसेने रंगवून घेतलेली पाटी, आणि खाली तो लाल आकड्यांचा काटा. घरी हाताच्या तराजूने मोजलेला कापूस तिथे हमखास कमी भरायचा. कोणी कुरकुर केली की शेटजी म्हणायचे, "मी कायले खोटं बोलू? कॉम्प्युटर सांगून राह्यला." झालं! पुढे कोण काय बोलणार? आमच्या गावाला कॉम्प्युटर माहीत होता तो असा.

आणि मग, बाई, तुम्ही ते केलंत. पुढच्या आठवड्यात तुम्ही पिशवी घेऊन वर्गात येता. टेबलावर एक बिघडलेला काटा ठेवता, यवतमाळच्या दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेला. पेचकसने त्याचं झाकण काढता. मग शाळेच्या कॉम्प्युटरच्या डब्याचंही झाकण काढता, आणि शिपाईमामा दारात "अवो बाई, अवो बाई" करत उभे असतात. आम्ही सगळे टेबलाभोवती. दोन्हींच्या पोटात सारखीच हिरवी पट्टी, तिच्यावर गोमेसारखे पाय फुटलेले काळे तुकडे. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणता, "माझं चुकलं होतं. हिचं बरोबर होतं. काट्यातही कॉम्प्युटर आहे. फक्त तो एकच काम शिकलाय." कोणी मास्तर पोरांसमोर 'माझं चुकलं' म्हणालेला आम्ही तोवर ऐकला नव्हता, त्यानंतरही फारसा ऐकला नाही. मला तर रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

त्या दिवशी फळ्यावर प्रकारांची यादी वाढली. घड्याळातला, काट्यातला, टेलिफोनच्या डबड्यातला. तुम्ही सांगितलंत, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, आणि खरंही बोलत नाही. त्याला जिथून मोजायला सांगितलं तिथून तो मोजतो. काटा रिकामा असेल तर आकडा शून्यच पाहिजे." गणितात आमच्या ऋण संख्या चालू होत्या. आकड्याच्या आधी आडवी रेघ आली की शून्याच्या खाली, हे तुम्ही त्याच तासाला त्याच्याशी जोडून दिलंत.

दोनच दिवसांनी मी मायसोबत कापूस घेऊन गेले. काटा रिकामा होता. आकडा दिसत होता, आणि आकड्याच्या आधी ती आडवी रेघ. बारीकशी. गावाने ती कित्येक महिने पाहिली होती, पण ती नक्षी आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. मी म्हणाले, "शेटजी, काटा शून्याच्या खाली हाये. आधी शून्य करा नं." माय माझा दंड धरून कुजबुजली, "चूप बस वं! काहून मोठ्यायच्या मधात बोलून राह्यली?" पण मागे रांगेत माणसं उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "पोट्टी काय म्हणते ते पाहा तरी." शेटजी म्हणाले, सेल उतरला असेल. त्यांनी बटण दाबलं, रेघ गेली, शून्य आलं. त्या दिवशी आमचा कापूस घरी भरला होता तेवढाच भरला. शेटजींनी मुद्दाम केलं होतं की खरंच सेल उतरला होता, देव जाणे. पण त्यानंतर गावात जो तो पोतं ठेवायच्या आधी म्हणू लागला, "शून्य दाखवा."

शेटजी संस्थेत सदस्य होते, हे मला कुठे ठाऊक! ते हेडमास्तरांना घेऊन थेट वर्गात आले. "मॅडम, तुमी पोट्ट्यायले काय शिकवून राह्यल्या? काटा कधी कॉम्प्युटर असते काय?" हेडमास्तर मधाळ आवाजात म्हणाले, मुलांना सांगून टाका, तो भाग परीक्षेला नाही, पुस्तकात आहेत तेवढेच प्रकार बरोबर. सगळ्यांना कळत होतं की तुमचं पुढचं वर्ष या एका वाक्यावर आहे. आम्हा पोरांनासुद्धा. तुम्ही म्हणालात, "काट्यात कॉम्प्युटर आहे. मी आधी यांना चुकीचं सांगितलं, ते सुधारलं. आता परत चुकीचं सांगणार नाही. आणि शेटजी, तुमच्याच पाटीवर तसं लिहिलंय की!" पोरं फिसकन हसली. तेवढ्यानेच घात झाला असणार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली, तुम्ही आला नाहीत. बाभुळगावला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवता असं कळलं. मग मी कॉलेजात असताना एसटीत शिपाईमामा भेटले, त्यांनी सांगितलं की तुम्ही आजारात गेलात. मी खिडकीकडे तोंड करून बसले. तोवर माझं ठरलेलं होतं, त्या दिवशी पक्कं झालं: शिकवीन तर हेच शिकवीन.

तर आजचं. आता माझ्या वर्गातल्या पोरांना कॉम्प्युटर कुठे पाहिला विचारलं तर यादी संपत नाही. मोबाईल, एटीएम, धुण्याचं मशीन, कंडक्टरचं तिकिटाचं मशीन. मी त्यांना काट्याची गोष्ट सांगते. परवा त्यातल्या एका पोरीने किराणा दुकानात शून्य दाखवायला सांगितलं. दुकानदार आमच्याच शाळेतला पालक निघाला आणि तक्रार घेऊन आला. आज मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, फाटे फोडू नका. पुस्तकातले प्रकार घ्या आणि मोकळ्या व्हा." मी सांगितलं की मी हा धडा असाच घेणार, यंदाही आणि पुढेही. लेखी पाहिजे तर लेखी देते. तुमच्यासारखीच मीही अजून कंत्राटावर आहे, बाई. पुढचं पुढे बघू.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचं नाहीच आहे. एकच गोष्ट सांगायची राहिली. दरवर्षी ही गोष्ट सांगताना मी पोरांना म्हणते, आमच्या बाई कोणाला घाबरल्या नाहीत. ते खरं नाही. शेटजी आणि हेडमास्तर वर्गात आले तेव्हा मी पहिल्या बाकावर होते, मला दिसत होतं. तुमचे ओठ सुकले होते, तुम्ही साडीच्या काठाला सारखे हात पुसत होतात, आणि ते दोघे वर्गाबाहेर पडल्यावर तुम्ही खुर्ची धरून बसलात. तुम्ही खूप घाबरला होतात. मी एवढंच नेहमी गाळते, कारण मला वाटायचं त्याने तुमचा मान कमी होईल. आज मुख्याध्यापकांसमोर माझे पाय इतके कापत होते की टेबल धरावं लागलं. उद्यापासून पोरांना तेही सांगणार आहे.