काळ्या तट्टांची पायवाट

एस्पेरिया, २२ सप्टेंबर १९४६

प्रिय रेस्तितुताताईस,
सा. न. वि. वि.

रोमला कामाला राहून तू जाड झालीस म्हणे! मालकीणबाई स्वतःच्या ताटातलं तुला वाढतात की काय? इथे रोज मक्याचा घाटा. तोंड वाकडं केलं की आई लाटणं दाखवते.

लढाईनंतर आपली सहाच तट्टं उरली. ती अजून डोंगरावर मोकळी चरताहेत. म्होरकी घोडी मोरेल्ला तर काळी कुळकुळीत दिसते. जर्मनांनी डोंगरभर सुरुंग पुरून ठेवलेत, म्हणून तट्टांचे खूर उमटलेत तिथेच गाव पाय टाकतं. बाबा तर म्हणतात, सरकारी माणसांपेक्षा माझ्या घोडीला जास्त कळतं.

सोमवारी त्या पायवाटेवरचा दगड सरकला आणि खाली लोखंडाची गोल कड दिसली. बाबांनी दगड पुन्हा ठेवून दिला. म्हणाले, मोरेल्ला यावरून शंभरदा गेलीये, सुरुंग फुसका असणार. मला मात्र त्या दिवसापासून जेवण जात नाही.

पुढच्या महिन्यात थंडीची लाकडं त्याच वाटेने तट्टांवरून उतरवायची आहेत. या भित्र्या भावावर माया असू दे.

तुझा,
एराज्मो

रोम, ३ ऑक्टोबर १९४६

चि. एराज्मोस,
अनेक आशीर्वाद.

मालकीणबाईंचा भाचा सुरुंग काढायच्या कामावर आहे. त्या गोल कडेचं सांगितलं, तर त्याने हातातला घास खाली ठेवला. तो म्हणाला, ते मोठे सुरुंग रणगाड्यांसाठी पुरलेले असतात, माणसांसाठीचे छोटे वेगळे, ते नुसत्या पावलाने फुटतात. रिकामं तट्टू मोठ्यावरून वर्षभर जाईल. पण पाठीवर लाकडांच्या मोळ्या चढल्या की त्याच खुराखाली तो उडेल.

बाबांना थांबव. तुला हसतील, चिडतील, हात उगारतील. मार खा, पण घोड्यांवर ओझं लादू देऊ नकोस. मला फार भीती वाटते रे. लगेच चार ओळी टाक, तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
रेस्तितुता

एस्पेरिया, ७ ऑक्टोबर १९४६

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता, दुपारी मिळालं. पोस्टमन दारात थांबलाय, म्हणून घाईने लिहितो.

बाबा पहाटेच सगळी तट्टं गोळा करायला वर गेलेत. आता मोळ्या बांधत असतील. उन्हं कलली की उतरायला लागतील. इथून हाक पोचत नाही. पायवाटेनेच धावणार होतो, पण आई म्हणाली, मोरेल्लाने तुला खाली पाहिलं तर ती थांबायची नाही, ओझ्यासकट तुझ्याकडे धावत सुटेल. खरंच आहे ते. शिंगरू होती तेव्हापासून माझ्या हातची भाकर खाल्लीये तिने.

म्हणून मी पलीकडच्या उतारावरून चढून त्यांना वरच गाठतो. त्या बाजूला लढाईनंतर एकाही तट्टाचं पाऊल पडलेलं नाही. आईला हे सांगितलेलं नाही. तूही कळवू नकोस.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
एराज्मो