पेट्रोलचा उपवास

१८ फेब्रुवारी, बुधवार
आज राखेचा बुधवार. इथून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ. सिस्टर फिलोमिनांनी शाळेच्या प्रार्थनेत जाहीर केलं की यंदा नुसतं गोड सोडायचं नाही, पृथ्वीला जे सोसत नाही ते सोडायचं. चौथीची जबाबदारी माझ्याकडे. मीच का, तर उपवासातलं तुम्हाला जास्त कळतं, म्हणाल्या. कळतंच. काव्यतीर्थ उगाच झालो नाही. शिवाय जूनपासून सुपरवायझरची खुर्ची रिकामी होते आहे. सुज्ञांस सांगणे न लगे.
मुलांनी पायी येण्याचा संकल्प केला. मी सर्वांसमक्ष पेट्रोल सोडलं. टाळ्या. चैताली मिसने विचारलं, मग येणार कसे? म्हटलं, सायकलने.
सायकल मिळवणे.

१९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. व्रत निर्विघ्न.

२० फेब्रुवारी
मेहुण्याची, म्हणजे मयुरेशची, सायकल आणली. इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत उत्तम. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. रिक्षा केली. रिक्षा सीएनजीवर चालते; सीएनजी म्हणजे पेट्रोल नव्हे. साबुदाणा धान्य नव्हे, तद्वत. शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरून झपझप चालत आत गेलो. घाम खरा होता. सिस्टर खूश.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
चौथीतली ओवी (प्रश्न फार) विचारत होती, उपवासाला रिक्षा चालते का सर? कोपऱ्यावर पाहिलं असावं. संधी साधून वर्गाला आपद्धर्म समजावला. संकट आलं की नियम सैल होतो. वर्ग तल्लीन.

२५ फेब्रुवारी
अर्धा वर्ग रिक्षाने. एकेकाला उभं करून विचारलं. सगळ्यांना आपद्धर्म आला होता. सनीला जाताना आणि येताना. ओवी आजीबरोबर चालत आली, लालबुंद होऊन. म्हणाली, "आमच्याकडे नाही आला, सर."

२६ फेब्रुवारी
सगळे पायी. ओवीने काल मधल्या सुट्टीत सगळ्यांना फैलावर घेतलं म्हणे. माझ्या शिकवण्याचा परिणाम थोडा उशिरा होतो, पण होतो. मी रिक्षाने.

९ मार्च, सोमवार
सौ.ने आठवण करून दिली. दिवाळीत बुक केलेली गाडी पाडव्याला घरी येणार. म्हटलं, ईस्टर होऊ दे, मग आणू. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, "साडेतीन मुहूर्तांत ईस्टर नाही." शास्त्रार्थात हिच्यापुढे कधी टिकलो नाही.

१८ मार्च
तोडगा सापडला. गाडी मयुरेश चालवणार, मी मागे बसणार. पेट्रोल इंजिन पितं, प्रवासी पीत नाही.
उद्या सकाळी चौथीची मुलं 'सिग्नलला इंजिन बंद ठेवा' असे फलक घेऊन उभी राहणार आहेत. उपक्रम माझाच. अभ्यास बुडू नये म्हणून मुद्दाम सुट्टीचा दिवस दिला. देखरेख चैताली मिसची. घरी धार्मिक कार्य असल्याचं सिस्टरना कळवलं आहे. कुठल्या सिग्नलला उभं राहायचं ते मिस बघतील. मी तपशिलात शिरत नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा
गाडी आली. हार, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पूजा करून देवळाकडे निघालो. त्र्यंबक नाक्याला लाल दिवा लागला. समोर चौथी. सगळी. फलकांसह.
मी तत्काळ सीटखाली नारळ शोधू लागलो. नारळ मांडीवर होता. इंजिन कुठल्या बटणाने बंद होतं ते मयुरेशला सापडेना. काचेवर टकटक झाली. सौ. म्हणाली, "अहो, वाकलात काय? तुमचीच पोरं ना ही? काच खाली करा." ओवीने फलक काचेसमोर धरला. मग म्हणाली, पाडव्याच्या शुभेच्छा सर, इंजिन बंद करता का? मागून चैताली मिसने नमस्कार केला. फार सविस्तर केला.

२३ मार्च, सोमवार
खुलासा तयार होता, मुद्देसूद. कुणी मागितलाच नाही. सकाळच्या प्रार्थनेत चौथीने आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी आणि ज्यांचा उपवास मोडला त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नाव घेतलं नाही. नुसती अख्खी शाळा माझ्याकडे वळून बघत होती.
नंतर ओवी सांगून गेली की वर्गाने माझे दिवस वाटून घेतले आहेत. ईस्टर झाल्यावर एकेक जण एकेक दिवस माझ्या वाटचं चालणार. गरज नाही म्हटलं. "ठरलंय सर," म्हणाली.
प्रतिनिधीकडून व्रत पुरं करून घेण्याची शास्त्रात सोय आहे. म्हणजे खुर्चीला धोका नाही.

६ एप्रिल, सोमवार
काल ईस्टर झाला. आज सिस्टरांनी बोलावलं. उपक्रम फार यशस्वी झाला, म्हणाल्या. मुलांना क्षमा कशी शिकवायची हा त्यांना दरवर्षी पडणारा प्रश्न. यंदा आपोआप सुटला, आणि श्रेय माझं. सुपरवायझर चैताली मिस.
मनाला लावून घेतलं नाही. खुर्चीपेक्षा श्रेय मोठं.
शाळा सुटल्यावर गाडी काढली. (उपवास संपला आहे.) फाटकाबाहेर ओवी आणि तिची आजी उन्हातून चालल्या होत्या. थांबून दार उघडलं. आजी बसायलाच निघाली होती; ओवीने तिचा हात धरला.
"नको सर. आज तुमचा दिवस माझ्याकडे आहे. तुमच्याच गाडीत बसून तो कसा भरणार?"
आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.
काच वर केली. एसी मात्र एकावरच ठेवला.