नवरानवरी पाहिजेत

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
११ जानेवारी १९६६

ती. जमनाताईस कमलाकांतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धर माझा. या महिन्यात एका दंतमंजनाची जाहिरात लिहिली, रेडिओवरच्या श्रुतिकेत चोर झालो, आणि फौजदार आयत्या वेळी आजारी पडला म्हणून फौजदारही मीच. स्वतःला स्वतःच पकडलं. हसू नकोस, आवाज वेगळे काढले होते.

आता खरी बातमी. एका सिनेमा कंपनीने मला माणसं निवडायचं काम दिलंय. कोणत्या कामाला कोणता चेहरा, ते मी ठरवायचं. पहिली परीक्षा आपल्याच मुलखातली. तुझ्या शाळेच्या पाड्यावर वारल्यांचं लग्न चित्रित करायचंय. नवरानवरी म्हणून दादरचे दोन नट पक्के केलेत. लग्न लावणारी, गाणी म्हणणारी धवलेरी मात्र खरी हवी, आणि ती बायडीच हवी. नऊ वर्षांचा असताना मांडवात तिला ऐकलं, तो आवाज अजून कानात आहे. तू तिला विचार. ती येणारच, असं मी सांगून बसलोय.

अण्णांनी होळीपर्यंतची मुदत दिलीय. तोवर एका धंद्यात पाय रोवला नाही तर गावी, आपल्या माहीमला येऊन पानवेली सांभाळायच्या. हे साधलं तर कंपनी मला कायम ठेवील.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा कमू

॥ श्री ॥
बोईसर
१९ जानेवारी

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझी श्रुतिका हेडमास्तरांच्या रेडिओवर ऐकली. चोर आणि फौजदार एकच आहे हे मला पहिल्या वाक्याला कळलं.

रविवारी बायडीकडे गेले. ती भात कांडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नवरानवरी कोन हायेत. मी म्हटलं, मुंबईचे नट. त्यांची लग्नं झालीत का, म्हणाली. मला खोटं बोलता येईना. दोघांचीही झालेली, आपापल्या घरी. तेव्हा तिनं मुसळ बाजूला ठेवलं आणि म्हणाली की आमी गानं म्हटलं की लगीन लागतं, मंग त्या बाईच्या नवऱ्याला तू काय सांगशील? रिकामं गानं माझ्या तोंडून निघनार नाय. अरे, याच मातीत वाढलास आणि एवढं सुचलं नाही तुला? माणसं निवडायचं काम घेतलंस आणि पहिलीच निवड चुकलास.

अण्णा बरे आहेत. बाजारात कुणी मुलगा काय करतो असं विचारलं की मुंबईस असतो, एवढंच म्हणतात आणि पिशवी उचलतात. परवा मुरब्याच्या कोळीण रखमाबाईनं फारच खोदून विचारलं, तर कोळंबी न घेताच घरी आले. तुझ्या खोलीला मात्र चुना लावून घेतलाय.

पत्र लवकर लिही, जीव लागून राहतो.
जमना

॥ श्री ॥
गिरगाव
२६ जानेवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

बायडीचं म्हणणं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कुठलीही म्हातारी बसव, गाणं इथल्या गायिकेकडून करून घेऊ. हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, थोडी मुदत द्या. ताई, पोटासाठी मी काय नाही केलं? नाटकात झाडामागे उभा राहून वारासुद्धा झालोय. पण बायडीच्या जागी दुसरी बसवून तिच्या पाड्याची थट्टा माझ्या हातून होणार नाही. चूक माझीच आहे. मी चेहरे बघितले, लग्न कुणाचं ते बघितलंच नाही.

आठ दिवस मागून घेतलेत. मग हे काम दुसऱ्याकडे जाईल. अण्णांना सांग, चुना वाया गेला नाही. तुला म्हणून सांगतो, काल रडलो.

माया असू दे, सध्या तिची गरज आहे.
कमू

॥ श्री ॥
बोईसर
३१ जानेवारी

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

अण्णांना मी काहीएक सांगितलेलं नाही. डोळे पूस आणि नीट वाच.

माझ्या दुसरीच्या वर्गात ठकी आहे. तिचा बाप चिंतू तारापूरला अणुभट्टीच्या बांधकामावर जातो. तो आणि ठकीची आई लाडकी आठ वर्षं एका घरात नांदतात. पाड्यात त्याचं कुणाला वावगं वाटत नाही, पण लग्न लागायचं राहिलंय, कारण साऱ्या पाड्याला जेवू घालण्याइतकं भात कधी उरतच नाही. परवा मी मुलांना घराविषयी बोलायला सांगितलं, तर ठकी उठून म्हणाली की आमच्या आईबापाचं लगीन व्हायचं हाय, त्यात मी नाचनार हाय. मी शाळा सुटल्यावर तशीच बायडीकडे गेले.

बायडी तयार आहे. जेवण कंपनीचं. गाणं सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही, पुन्हा म्हणायला सांगायचं नाही. लग्न त्यांचं, सिनेमावाले पाहुणे. चिंतू नुसता लाजला. लाडकीनं विचारलं, फोटू आमाला भेटंल का. मी हो म्हटलंय, ते निभाव. आता साहेबांना तू पटव. चोराच्या आवाजात नाही जमलं तर फौजदाराच्या आवाजात सांग.

तुझी, रागावते तरी तुझीच,
जमना

॥ श्री ॥
माहीम
१ मार्च

चि. कमलाकांत यास अण्णांचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा हे जपून ठेव. जमनेने चिंतू-लाडकीच्या लग्नाला पाने मागितली म्हणून टोपली घेऊन पाड्यावर आलो होतो, तुझा सिनेमा बघायला नव्हे. तुमचा साहेब मध्येच थांबा, पुन्हा घ्या असे ओरडला, तेव्हा बायडीने मानसुद्धा वळवली नाही. तू त्याचा हात धरून त्याला खाली बसवलेस. ते मी पाहिले. पुढे यंत्रातली फिल्म संपली, गाणे चालूच राहिले, आणि तुमची सगळी माणसे काम सोडून ऐकत बसली. लाडकीचे डोळे भरून आले होते, ते कुणी शिकवलेले नव्हते.

नाचून दमलेली ठकी माझ्याजवळ बसली होती. तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, तो धावतोय तो कोन हाय, काय करतो. मी सांगितले, माझा मुलगा आहे, कुठल्या कामाला कुठले माणूस ते तो ओळखतो. बोलून गेलो आणि मग माझ्या ध्यानात आले. काल बाजारात रखमाबाईलाही सांगितले, तिने विचारले नव्हते तरी. कोळंबी घेतली.

कंपनीने तुला ठेवून घेतल्याचे कळले. लाडकीचा फोटो विसरू नकोस. पानवेलींसाठी पंढरी हा गडी ठेवला आहे, आणि तुझ्या खोलीत सुपाऱ्या भरल्या आहेत. होळीला पुरणपोळी खायला ये. राहायला येऊ नकोस.

अण्णा