वर राहिलेला हात

बाई, काल माझ्या उजव्या हाताला पुन्हा पट्टा चढला. घाबरू नका, हात होता तसाच आहे, खांद्यापर्यंतच उठतो. तेल्हाऱ्याला आजोळी जन्मताना मी खांद्याशी अडकले आणि सुईणीने मला ओढून बाहेर काढलं. मी जगात आले, हाताच्या नसा तेवढ्या मागे राहिल्या. माझी लेक आता डॉक्टर आहे, जन्मताना दुखावलेल्या अशाच हातांवर संशोधन करते. ती म्हणते, "वाचलीस हेच खूप." तुम्हीही असंच तुटक बोलायच्या.

वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्याला माझ्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी कमरेपासून चामड्याचा, लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा बांधून दिला. हात कोपरात वाकलेला, पंजा आभाळाकडे. उन्हाळ्यात त्याला बैलाच्या जोताचा वास यायचा. आईने लाजेपोटी त्यावर शाल पांघरली होती. अमरावतीच्या आमच्या शाळेत तुम्ही संस्कृत शिकवायला नव्याच आलेल्या. पहिल्याच तासाला फळ्याकडून वळता आणि म्हणता, "ती मागची, हात वर केलेली, सांग बघू." वर्ग खिदळतो. मी उभी राहते, शाल घसरते, तुम्हाला सगळं दिसतं. दुसरं कुणी असतं तर "बस, बाळ" म्हणालं असतं. बाकीचे शिक्षक तर माझ्या बाकाकडे बघायचंच टाळत. तुम्ही विचारलंत, "हात वर आहे ना? मग सांग." मला येत नव्हतं. "उद्या सांग." तेव्हापासून रोजचा पहिला प्रश्न माझा.

मग वडील शाळेत आले. "बाई, पोरीले कावून रोज उभं करता? लोकं हासून राह्यले. पट्टा निघू द्या, मंग पाठवतो." घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नसते, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. "हात बांधलाय, जीभ नाही," तुम्ही म्हणालात. "उद्याचा पहिला प्रश्न तिचा आहे, पाठवा." तहसीलदाराला न जुमानणारे वडील बाहेर येऊन पुटपुटले, "लय कडक बाई हाय." आणि पाठवलं.

पट्टा निघाला त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवून निर्धास्त बसले होते. तुम्ही माझ्याच बाकाकडे पाहिलंत. "हं, सांग." या अन्यायातूनच पुढे माझं एम. ए. झालं.

लेकीने अशा मुलांसाठी बनवलेला नवा पट्टा प्लास्टिकच्या पत्र्याचा आहे. गरम पाण्यात कणकेसारखा मऊ होतो, हातावर दाबला की त्याच आकारात घट्ट बसतो. हलका, आणि शाळेच्या वेळात काढताही येतो. विज्ञानाने फार प्रगती केली, बाई. आता पोरं तुमच्या तावडीतून सुटतील.

काल तो आधी माझ्यावरच बसवून बघायचा म्हणून तिने माझा हात धरून वर केला, पट्टा बसवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. मी तशीच हात वर करून बसून राहिले. कुणी काही विचारलं नाही. तुम्ही जाऊनही किती वर्षं झाली. तरी मी मनात 'सरित्' शब्द चालवायला घेतला आणि षष्ठी विभक्तीशी अडखळले. हे तुम्हाला कळू नये म्हणून पत्र पाठवत नाही. पत्ता काय, शोधून काढला असता.