मिशीवाल्याचं नाणं

सोलापूर, ता. ८ फेब्रुवारी १९७४

चि. शिवपुत्र यास सिद्धम्मा आजीचे अनेक आशीर्वाद. पत्र शेजारची जुलेखा लिहिते आहे. मी ‘न्हाय’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. मास्तरीण आहे, चालायचंच.

तू जर्मनीत जुनी चांदीची नाणी जमवतोस म्हणे. लोक तिकडून मडमा आणतात, तू मोड आण. असो, तुला कामाला लावते. माझ्या गळ्यातलं नाणं तुला ठाऊक आहे. तुझे आजोबा पहिल्या लढाईत खेचरं हाकायला गेले होते, तिथं एका तहानेल्या जर्मन शिपायानं दिलेलं ते हे, असं सगळे समजतात. एका अंगाला पक्षी, दुसऱ्या अंगाला मिशीवाला. दर सणाला चिंचेनं नि राखेनं घासून मी त्याची मिशी निम्मी उतरवली. जुलेखानं वर कागद धरून पेन्सिल घासली. तो छाप सोबत आहे.

एवढंच सांग, हे तिकडचंच की इथल्या सोनारानं ठोकलेलं? का, ते विचारू नकोस, आणि गोड बोलून फसवूही नकोस. जेवत जा. माया पोस्टानं पाठवली तरी कमी होत नाही.

सिद्धम्माचा अंगठा


स्टुटगार्ट, ता. ३ मार्च १९७४

ती. आजीस शिवपुत्रचा सा. न. वि. वि.

तुझा छाप आमच्या नाणेमंडळातल्या म्हाताऱ्या घड्याळजींना दाखवला. चिंचेचं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, आजी! मग त्यांनी स्वतःकडचं नाणं छापावर ठेवलं, तंतोतंत बसलं. तुझं नाणं अस्सल आहे. चांदीचं, बर्लिनच्या टांकसाळीचं.

पण फसवू नकोस म्हणालीस म्हणून लिहितो. तो मिशीवाला इथला सेनापती. चेहऱ्याभोवती त्याच्या जन्ममृत्यूची सालं आहेत, आणि मृत्यूचं साल १९३४ आहे. आजोबा तर १९१९ला घरी आले. म्हणजे हे लढाईतलं नव्हे. ते तुझ्याशी खोटं का बोलले असतील? चार दिवस हे लिहायचा धीर झाला नाही.

वहीत नाण्याची नोंद केली आहे. कुठे सापडलं, ते लिहायची जागा रिकामी ठेवली. रागावू नकोस, आणि नातवावरचा जीव असाच राहू दे.

तुझा
शिवपुत्र


सोलापूर, ता. २१ मार्च १९७४

चि. शिवपुत्र यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

घाबरलास कशाला? लढाईतलं नाणं वेगळं होतं. तुझा बाप दहा वर्षांचा असताना मी ते तळ्यावर धुणं धुताना घालवलं. दोन दिवस जेवले नाही. हे म्हणाले, केमला बहिणीकडे, सुंदरम्माकडे जाऊन येतो. आठ दिवसांनी आले नि म्हणाले, धुण्याच्या दगडाखाली सापडलं बघ. मी म्हटलं, सापडलं की! हातात घेताच कळलं होतं. हे नाणं लहान, नि मिशी लोंबती; पहिल्याची वर वळलेली होती.

पुढं सुंदरम्मा आली, म्हणाली, दादा वर्षभर फिरकला नाही. मग ते आठ दिवस होते कुठं? मी कधी विचारलं नाही. कुठल्या सोनाराकडून ठोकून आणलं असेल, अशी समजूत घालून घेतली. दुसरं काही मनात येऊ नये म्हणून, लेकरा. छत्तीस वर्षं.

बर्लिनचं नाणं केमला मिळत नाही. पण केमवरून गाडी मुंबईला जाते, आणि तिथं गोदीत जर्मन बोटी लागायच्या. ह्यांना कानडीशिवाय धड काही येत नव्हतं. त्या गोऱ्या खलाशांना मिशा करून दाखवल्या असतील की! मी हसले, तर जुलेखाच रडायला लागली. पोरगी लई हळवी आहे.

आता घासणार नाही. माझ्यामागं नाणं तू घे, पण कडी काढू नकोस, ती ह्यांनी लावून आणली होती. आणि वहीतली ती रिकामी जागा भर. सोलापूर, धुण्याच्या दगडाखाली, असं लिही. ते म्हणाले होते, तसंच.

अंगठा तोच, आजी