बाई, तुम्हाला गल्ल्यावर बसवलं

बाई, परवा तुमच्या मुलीनं माझं ऐकलं. मी म्हटलं, वस्तू डावीकडे ठेवा, तिनं ठेवली. मी म्हटलं, पिशवी हलवू नका, तिनं हात मागे घेतला. मी म्हटलं, मदतीसाठी थांबा, आणि ती हातात तेलाचं पाकीट घेऊन मुकाट उभी राहिली. मी तिच्या मागेच होते, तिनं ओळखलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही अशीच उभी केली असती. तेवढ्यासाठी तरी तुम्ही आणखी थोडी वर्षं जगायला हवं होतं.

नीट सांगते, अर्धवट बोललेलं तुम्हाला खपायचं नाही. यवतमाळात आता एक मोठं दुकान झालं आहे, आपणच टोपली घेऊन फिरायचं आणि माल उचलायचा, तसलं. दाराजवळ बिलाचे काउंटर आहेत, तिथं माणसं असतात, आणि अगदी कडेला दोन मशिनी उभ्या केल्या आहेत. मशिनीपुढे एकेक वस्तू आपणच धरायची, ती टिक करते, किंमत पडद्यावर येते, फोनवरून पैसे द्यायचे आणि चालू लागायचं. मध्ये माणूस नाही. फक्त एक आवाज आहे, तो काय करायचं ते सांगत राहतो, आणि तो माझा आहे. पुण्यात माझं पोट आवाजावरच चालतं. मसाल्यांच्या जाहिराती, बँकेच्या फोनवरचं 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', असलं सगळं मीच बोलते. तुम्ही गेलात तो निरोप आईनं फोनवर दिला तेव्हा मी स्टुडिओत बिस्किटांसाठी हसत होते. फोन ठेवला आणि उरलेलं हसू पूर्ण करून आले. या शिस्तीचं श्रेय मात्र घेऊ नका.

या मशिनीचं काम आलं तेव्हा मी आधी गोड बोलून पाहिलं. रेकॉर्डिंग करणारा मुलगा म्हणाला, "ताई, इतकं गोड नको. गोड बोललं की गिऱ्हाईक ऐकत नाही. सभ्य पाहिजे, पण जरब पाहिजे." मी डोळे मिटले आणि तुम्ही समोर आलात. इस्त्रीची साडी, साखळीला अडकवलेला चष्मा, खडूची बोटं रुमालाला पुसताना शेवटच्या बाकाकडे बघणं. मी पाठ ताठ केली, हनुवटी थोडी वर घेतली आणि तुमच्या आवाजात म्हटलं, "कृपया वस्तू डावीकडच्या जागेवर ठेवा." पहिल्याच झटक्यात ओके झालं. तो मुलगा म्हणाला, कसला आवाज काढला ताई, मला शाळा आठवली. मला तर सूड आठवला, बाई. त्याच क्षणी ठरवलं की सगळी वाक्यं तुमच्याच तोंडून वदवायची आणि तुम्हाला गल्ल्यावर बसवायचं.

गल्ला म्हटल्यावर तुम्हाला आठवलंच असेल. पांढरकवड्याला हमरस्त्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये माझी आई गल्ल्यावर बसायची. शेठनं तिला एक उंच स्टूल दिलं होतं, त्यावर बसून ती पैसे घ्यायची, सामान कागदात बांधायची आणि बोलायची. ती कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलेली वर्षं. खेड्यांवरून बाया यायच्या, शॅम्पूची एक पुडी घ्यायच्या आणि तासभर काउंटरला टेकून उभ्या राहायच्या. पुडी हे निमित्त होतं. कुणाच्या शेतात काय झालं, कोण दवाखान्यात आहे, कुणाची सोयरीक मोडली, हे त्या आईला सांगायच्या आणि आई "काय करता व बाई" म्हणत त्यांच्या पदरात आणखी थोडा वेळ घालायची. मी शाळा सुटली की तिथंच काउंटरच्या खाली पोत्यावर बसून अभ्यास करायची. एकदा एक बाई म्हणाली, "पराटी उभी हाये वावरात, पन तिच्यात जीव नाही राह्यला." मी ते वाक्य उचललं. वक्तृत्व स्पर्धेसाठी कपाशीवर भाषण लिहिलं ते सगळं त्या पोत्यावर बसून ऐकलेलं होतं.

वर्गात मी ते म्हणून दाखवलं तेव्हा पोरी माना वळवून ऐकत होत्या. तुम्हीसुद्धा. तुम्ही चष्मा काढला, आणि मला खरंच वाटलं की तुम्ही शाबासकी देणार. तुम्ही म्हणालात, "भाषण चांगलं आहे, तोंड चांगलं नाही." कागद माझ्या हातातून घेतलात आणि तुमच्या मुलीला दिलात. ती माझ्याच वर्गात, माझ्याच बाकाच्या पुढं बसायची. यवतमाळच्या स्टेजवर तिनं म्हटलं, "कपाशी शेतात उभी आहे, परंतु तिच्यात प्राण उरलेला नाही," आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. चषक शाळेच्या काचेच्या कपाटात गेला, त्यावर तिचं नाव. मी तीन वर्षं त्या कपाटासमोरून ये-जा केली आणि दात-ओठ खाल्ले. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, एवढी अक्कल मला तेव्हा आली होती.

आईला मात्र आली नव्हती. संध्याकाळ आहे, तुम्ही पावडरचा डबा घ्यायला दुकानात आला आहात, काउंटरला दोघीतिघी बाया टेकल्या आहेत. मी पोत्यावर आहे. आई डबा कागदात बांधते आणि अगदी नरमाईनं विचारते, "बाई, माह्या पोरीले काहून काढलं जी भाषनातून?" तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "'पोरीले काहून' नाही. 'मुलीला का काढलं.' आधी नीट विचारा, मग सांगते." आई एकदा माझ्याकडे बघते, मग म्हणते, "मुलीला का काढलं." दुसरीतली मुलगी म्हणते तसं, एकेक अक्षर सुटं. तुम्ही म्हणता, "कारण भाषण तिचं आहे, पण तोंड तुमचं आहे. घरात हेच ऐकत राहिली तर तुमच्यासारखी गल्ल्यावर बसेल." डबा पिशवीत टाकून तुम्ही निघून जाता. टेकलेल्या बाया सरळ उभ्या राहतात आणि पुडी न घेताच जातात.

त्या रात्री आईनं चुलीपुढं बसून मला विचारलं, "तुला भाकरी वाढू का?" मी वर बघितलं. सकाळपर्यंत ती "तुले भाकर देऊ का व" म्हणत होती. मला वाटलं, रागावली आहे. ती रागावली नव्हती, ती माझी भाषा सुधारत होती. तेव्हापासून आजतागायत, बाई, माझी आई माझ्याशी तशीच बोलते. गिऱ्हाइकांशी, शेजारणींशी, भाजीवालीशी तिची जुनी बोली, आणि मी समोर आले की तोंडात खडा ठेवल्यासारखं जपून जपून. मला वळण लागावं म्हणून. लागलं वळण. त्याच वळणावर मी पुण्यात घर घेतलं, आणि त्या घरात फोन वाजला की माझी आई मला परक्या बाईसारखी विचारते, "तू कशी आहेस?"

तर तुमचा गल्ला कसा चाललाय ते बघायला परवा आईला घेऊन मी यवतमाळला गेले. आई आत चहापत्ती शोधत होती आणि मी मशिनींपाशी उभी राहून लोकांचं ऐकत होते. पोटभर ऐकलं. कॉलेजातला एक पोरगा मित्राला म्हणाला, "भारी आहे बे, लाईन नाही, कोनी तोंड वासून पाह्यत नाही." एक नवी नवरी दिसत होती, पॅडचं पाकीट पदराआड धरून ती नणंदेला हळूच म्हणाली, "गल्ल्यावरचा पोट्टा बायकाइचं पाकीट उलटंपालटं करते. मशीन बरी, तिले डोये नाहीत." तिचं मला पटलं. माणसाच्या हातून बिल म्हणजे प्रेमच असतं असं नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलंय. एक पेन्शनर खूश होता, की मशीन सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवत नाही, वर म्हणाला, "आणि निदान शुद्ध तरी बोलते." त्याचा मला राग आला. धोतरातला एक म्हातारा मात्र मशिनीकडे पाठ करून काउंटरच्या रांगेत गेला. "तिले इचारू का मी, यंदा कापसाचं कसं हाये म्हून? माणूस त पायजे न बाप्पा समोर."

आणि शिव्या, बाई! त्यासाठीच तर मी आले होते. एका जाड्या बाईनं साबण ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून पडद्यालाच झापलं, "ठेवा ठेवा काय लावलं व? ठेवलं न! घडीघडी डाफरून राह्यली माह्यावर. कोनती मास्तरीण बसवली हे?" सगळे हसले. मी तर इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर तुम्ही लोकांची तोंडं सुधारलीत, आता तीच तोंडं तुम्हाला दिवसभर सुनावतात आणि तुम्हाला तेच ते वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, बसायला स्टूलसुद्धा नाही. माझ्या आईला ते तरी होतं.

तेवढ्यात तुमची मुलगी आली. अंगानं भरली आहे, केस पांढरे झालेत, चेहरा तुमचाच. मघाशी सांगितलं ते सगळं तिनं निमूटपणे केलं, आणि मदतीसाठी थांबली तेव्हा काउंटरवरची मुलगी धावत आली. तिला तुमची मुलगी हसून म्हणाली, "अगं, ही अगदी माझ्या आईसारखी बोलते. आई शाळेत अशीच बोलायची." काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "अन् घरी?" तुमची मुलगी म्हणाली, "घरी कुठलं! आई राजूरची, आजोबा खाणीत होते. पोळपाट हातात घेतला की सुटायची, 'पोट्टे हो, जेवाले चला न, भाजी गार होऊन राह्यली.' आम्ही तर घरी अजून तसंच बोलतो." एवढं बोलून ती तेलाचं पाकीट पिशवीत टाकून गेली.

राजूर! आम्हाला तर तुम्ही वकिलाच्या घरातल्या वाटायचात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणतात, पण तुम्ही कोरड्याही नव्हतात. आपल्या पोरीला घरी पोटभर वाढत होतात, आणि माझ्या ताटातलं काढून घेतलंत. चषक गेला त्याचं मला आता काही नाही. पण माझ्या आईनं तुमच्या धाकानं जी बोली मला द्यायची बंद केली, तीच तुम्ही चुलीपुढं बसून तुमच्या मुलीला देत होतात, ह्याला मी माफ करणार नाही. तुम्ही मेलात म्हणूनही नाही.

आई चहापत्ती आणि साबण घेऊन आली तेव्हा मी नुसती धुमसत होते. म्हटलं, आता हिच्यासमोर वचपा काढायचा, हिला ऐकवायचं की गल्ल्यावर कोण बसलंय. "आई, इकडे चल, तुला गंमत दाखवते," म्हणून मी तिला मशिनीपुढं उभी केली. तिनं सवयीनं आपली कापडी पिशवी आधी डावीकडच्या जागेवर ठेवली, सामान भरायला. मशीन लगेच म्हणाली, "न नोंदवलेली वस्तू आढळली आहे. कृपया ती उचला आणि मदतीसाठी थांबा." आईचा हात चटकन मागे आला. तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला, सरळ उभी राहिली आणि त्या पडद्याला म्हणाली, "चुकलं, बाई. उचलते." एकेक अक्षर सुटं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, "माय, सोडा ते, अठी या माह्याजवळ. मी करून देतो." आई गेली. सामान ठेवता ठेवता म्हणाली, "कोठची व तू?" "महागावची." "महागावची? अन् दिवसभर उभीच राह्यते का व पोरी? पाय नाही दुखत?" "दुखते न माय. खुर्ची कोठी देते हे लोकं." "आमच्या शेठनं मले स्टूल देलता बापा. मी बी गल्ल्यावरच होतो न." "खरंच का व माय?" आणि दोघी हसल्या. आई अशी हसते हे मी विसरले होते. मी मशिनीपाशीच उभी राहून ऐकत होते, आणि माझ्याशेजारी मशीन सारखं सांगत होती, मदतीसाठी थांबा.

एसटीत आई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. बाहेरच्या कपाशीकडे बघत होती. मग मला म्हणाली, "त्या मशीनमधल्या बाईंचा आवाज मला ओळखीचा वाटला. तुला नाही वाटला?" जपून, नीट, शाळेतल्यासारखं. मी म्हणणार होते, माय व, मीच आहो ते. जिभेवर आलं होतं. म्हणाले, "असेल कंपनीतल्या कुणाचा तरी." बाई, तो माझा आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.